नागपूरच्या रेल्वेवाल्या घराचा इतिहास कसा लिहायचा: हुद्दा नको, ड्युटी विचारा

नागपुरात कोणाच्या न कोणाच्या घरात एक रेल्वेवाला निघतोच. आबाजी अजनीला, मामा इतवारीला, मावशीचे सासरे आमल्याला. अन् ते काय करायचे असं विचारलं की उत्तर येते "रेल्वेत होते ना", फार तं फार "फायरमन होते". इथंच गोष्ट थांबते. पुढच्या पिढीला तेवढंही माहीत राहत नाही, अन् आता जुनी क्वार्टर्स कुठे पडली, कुठे पडायला आली, ज्यांना सगळं आठवते ती माणसं ऐंशीच्या पुढे गेली. म्हणून हे लिहून राहिलो, ज्यांना आपल्या घरचा रेल्वेचा इतिहास नीट उतरवून ठेवायचा आहे त्यांच्यासाठी, कुठून सुरू करायचं, काय विचारायचं, कोणते कागद पाहायचे ते सगळं.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, बाकी सगळं त्यातूनच येते. हुद्दा विचारू नका, ड्युटी विचारा. हुद्दा कागदावर सापडतो, पण घर चालायचं ड्युटीवर. जेवायला कधी बसायचं, पोरांनी कधी गप्प राहायचं, लग्नाची तारीख कोणती धरायची, पोरगी कोणत्या गावात जन्माला यायची, हे सगळं त्या रोस्टरनं ठरवलं. रेल्वेनं आपल्या दफ्तरात माणसाची नोंद ठेवली, घराची ठेवली नाही, ती आपल्यालाच करावी लागणार.

आधी रेल्वे कोणती ते पक्कं करा

नागपुरात रेल्वे एक नाही, दोन आहेत, अन् फार आधीपासून दोन होत्या. जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, ती मुंबईकडून भुसावळ, वर्धा करत १८६७ ला नागपुरात आली. पूर्वेकडे छत्तीसगडच्या बाजूनं १८८० च्या सुमाराला मीटरगेज सुरू झाली, ती १८८७ ला निघालेल्या बंगाल नागपूर रेल्वेनं म्हणजे बीएनआरनं घेतली अन् ब्रॉडगेज केली, अन् १८९१ पर्यंत नागपूरहून आसनसोलपर्यंत लाइन जोडली गेली. म्हणून आजही किंग्सवेवर दोन डीआरएम (विभागीय रेल्वे व्यवस्थापक) ऑफिस आहेत, एक मध्य रेल्वेचं अन् एक दक्षिण पूर्व मध्यचं. रेकॉर्डसाठी चुकीच्या दारात अर्ज दिला तं कागद नुसता फिरत राहतो.

ओळखायचं कसं, तं घरात कोणत्या गावांची नावं निघतात ते ऐका. वर्धा, पुलगाव, आमला, बैतूल, बल्लारशा, अजनी अशी नावं आली तं जीआयपी, म्हणजे नंतरची मध्य रेल्वे. इतवारी, कामठी, गोंदिया, डोंगरगड, नैनपूर, छिंदवाडा, नागभीड आलं तं बीएनआर. मोतीबाग म्हटलं तं बीएनआरच, नॅरोगेजचं वर्कशॉप तिथं होतं.

आता कागदावरच्या नावांनी गोंधळू नका. जीआयपी १९२५ लाच सरकारनं चालवायला घेतली, बीएनआर मात्र १९४४ पर्यंत कंपनीकडे होती, म्हणून एकाच वर्षी नोकरीला लागलेले दोन शेजारी, एक म्हणेल मी सरकारी नोकर अन् दुसरा म्हणेल मी कंपनीचा, अन् दोघंही खरं बोलत असतात. मध्य रेल्वे झाली ५ नोव्हेंबर १९५१ ला. बीएनआर १९५२ ला ईस्टर्न रेल्वेत गेली, १९५५ ला तिच्यातून साउथ ईस्टर्न वेगळी निघाली, अन् २००३ ला बिलासपूरवाली दक्षिण पूर्व मध्य झाली. म्हणजे कामठीच्या माणसाच्या १९५३ च्या कागदावर ईस्टर्न रेल्वेचा शिक्का दिसला तं तो दुसऱ्या कोणाचा कागद नाही, तुमच्याच आबाजींचा आहे, फेकू नका.

ट्रंक उघडा

प्रत्येक रेल्वेवाल्याच्या घरी एक लोखंडी पेटी राहते. ड्रायव्हर, गार्ड असेल तं लाइन बॉक्सच राहतो, त्यावर पांढऱ्या रंगानं नाव अन् हेडक्वार्टर लिहिलेलं. तो रंगवून नवा करू नका, आहे तसाच फोटो काढा, सगळ्या बाजूंनी. आत काय पाहायचं ते सांगतो.

पेन्शन पेमेंट ऑर्डर, म्हणजे पीपीओ, हा सगळ्यात कामाचा कागद. नाव, हुद्दा, शेवटचा पगार, नोकरीची तारीख, बायकोचं नाव, सगळं एका जागी. पण आजोबा फार आधी रिटायर झाले असतील तं पीपीओ सापडणारच नाही. रेल्वेत पेन्शन १९५७ ला आली, १६ नोव्हेंबर १९५७ नंतर जे लागले त्यांना ती होतीच, आधीपासून जे नोकरीत होते त्यांना पीएफ ठेवायचा की पेन्शन घ्यायची ते निवडायला सांगितलं होतं. खूप लोकांनी पीएफ ठेवला, एकरकमी पैसा हातात येणार, पोरीचं लग्न होणार, गावाकडे दोन एकर येतील, असा हिशोब होता. नवरा गेल्यावर बायकोच्या हातात मग महिन्याचं काहीच आलं नाही, नंतर कधीतरी सरकारनं अशा विधवांना थोडी अनुग्रह रक्कम चालू केली तेवढीच. तुमच्या घरात कोणी काय निवडलं, का निवडलं, त्या निर्णयात आजीला कोणी विचारलं होतं का, हे नक्की विचारा. कितीतरी घरांची पुढची तीस वर्षं त्या एका सहीवर गेली.

मग पासचे कागद. पास देण्यासाठी घरातल्या अवलंबून असलेल्या माणसांची यादी द्यावी लागायची, त्यात म्हातारी आई, विधवा बहीण, शिकणारा भाऊ अशी नावं निघतात जी वंशावळीत कोणी टाकत नाही. पीएफचं नॉमिनेशन, दवाखान्याचं कार्ड, इन्स्टिट्यूटची (म्हणजे रेल्वेवाल्यांच्या क्लबची) पावती, युनियनची पावती, ग्रेन शॉपचं कार्ड. ग्रेन शॉप म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या महागाईत रेल्वेनं आपल्या लोकांसाठी स्वस्त धान्याची दुकानं काढली होती, ज्या आजी तेव्हा लहान होत्या त्यांना त्या रांगा अजून आठवतात.

जन्मतारीख १ जुलै दिसली तं लगेच खरी मानू नका. ज्यांना फक्त सालच माहीत होतं त्यांची तारीख रेल्वेच्या नियमानं १ जुलै धरायचे, साल अन् महिना दोन्ही माहीत असतील तं त्या महिन्याची १६. गँगमध्ये, म्हणजे रुळाची देखभाल करणाऱ्या टोळीत, लागलेल्या कितीतरी लोकांची तारीख अशीच पडली आहे. आडनावाचंही तसंच, जुन्या कागदांवर कधी नुसतं नाव अन् बापाचं नाव राहते, म्हणून शोधताना बिल्ला नंबर, टिकट नंबर, पीएफ नंबर जो मिळेल तो पहिले उतरवून घ्या.

कागद लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका, घडीवर फाटला असेल तं तसाच सपाट ठेवून दिवसाच्या उजेडात मोबाइलनं फोटो घ्या, पुढून अन् मागूनही, कारण मागच्या बाजूला पेन्सिलनं उधारीचे हिशोब राहतात अन् ते हिशोब सोन्यासारखे आहेत. रिटायरमेंटचा ग्रुप फोटो निघाला, हार घातलेला, मागे इंजिन, तं तो घेऊन त्या काळच्या कोणाकडे तरी लवकर जा अन् एकेका चेहऱ्याचं नाव लिहून घ्या. ज्यांची नावं कोणालाच येत नाहीत त्यांच्यापुढे "माहीत नाही" असंही लिहा, म्हणजे पुढं कोणी पाहिलं तं त्याला समजेल की विचारलं होतं.

बदल्यांचा तक्ता पोरांच्या जन्मावरून बनवा

सर्विस रेकॉर्ड मिळो न मिळो, हा तक्ता घरी बसून होते. आजीला विचारा, मोठा कुठे झाला, दुसरी कुठे, तिसरा कुठे. बाईला बदलीची तारीख आठवत नाही, पण बाळंतपण कोणत्या गावात झालं, दाई कोण होती, पाणी कुठून आणायचे, हे विसरत नाही. मोठा आमल्याला, पोरगी पुलगावला, धाकटा अजनीला, झाला तक्ता. मग त्याला शाळेच्या दाखल्यांशी जुळवा, दाखल्यावर आधीच्या शाळेचं नाव राहते, तारखा राहतात. एका वहीत साल, गाव, क्वार्टर नंबर, ड्युटी, घरात कोण कोण होतं, असे रकाने पाडा. जिथं रकाना रिकामा राहते तिथं काहीतरी झालेलं राहते, आजारपण, सस्पेन्शन, संप, बायकोला गावी ठेवलं, ते हळूच विचारायचं.

ड्युटी कशी विचारायची

इथं घाई करू नका. "तुमचं काम काय होतं" असं विचारलं तं माणूस हुद्दा सांगते. "रात्री कॉल आला की काय व्हायचं" असं विचारा, मग पाहा.

स्टीमच्या काळात शेडमधून कॉलबॉय यायचा, कॉल बुक घेऊन, सायकलवर नाहीतं पायी, दरवाजा ठोकायचा, सही घ्यायचा. रात्री दोनला दरवाजा वाजला की सगळं घर जागं. आजी उठून चूल पेटवणार, डब्बा भरणार, कारण रनिंग रूमला, म्हणजे बाहेरगावी ड्रायव्हर-गार्डच्या आरामाच्या जागी, शिधा सोबत न्यावा लागायचा, पीठ, डाळ, मीठ-मिरची, तिथला स्वयंपाकी रांधून द्यायचा. गाडी गेली की परत कधी येणार ते कोणाला माहीत नाही. परत आला की दिवसा झोपणार, म्हणून दोन खोल्यांच्या घरात पोरांना बाहेर हाकलायचं, कुकर नाही वाजवायचा, भांडं नाही पाडायचं. विचारा की बाबा झोपले असताना तुम्ही कुठे खेळायचे. अजनीतली कितीतरी माणसं झाडाखालचं बालपण सांगतात त्याचं कारण हे आहे.

लोकोची शिडी समजून घ्या म्हणजे माणूस कुठे कधी होता ते तुम्हालाच काढता येते. क्लीनर, मग सेकंड फायरमन, जुन्या कागदांवर त्यालाच अगवाला लिहिलेलं दिसते, मग फर्स्ट फायरमन, शंटर (यार्डात डबे इकडेतिकडे करणारा), मालगाडीचा ड्रायव्हर, पॅसेंजरचा, शेवटी मेलचा. प्रत्येक पायरीवर वर्षं जायची, कोणी कोणी शंटरवरच रिटायर झालं. फायरमनला विचारा की मे महिन्यात आमल्याच्या घाटाला काय व्हायचं, बाहेर पंचेचाळीस डिग्री अन् समोर भट्टी. विचारा कोळसा चांगला कोणता अन् वाईट कोणता. हात दाखवायला सांगा. कपडे कोण धुवायचं, कशानं धुवायचं, तेल अन् कोळसा निघायचा का, हे आजीला विचारा, ते तिचं काम होतं अन् त्याचा पगार कोणीच दिला नाही.

१९७३ च्या ऑगस्टमध्ये लोको रनिंगवाल्यांनी, म्हणजे इंजिनावरच्या ड्रायव्हर-फायरमननी, संप केला अन् दहा तासांच्या वर ड्युटी नको हे सरकारकडून कबूल करून घेतलं. त्याच्या आधी किती तास व्हायचे, नंतर घरात खरंच फरक पडला का, हा प्रश्न प्रत्येक ड्रायव्हरच्या घरात विचारण्यासारखा आहे. तसंच नव्वदच्या सुमाराला इकडे बिजलीची इंजिनं आली, अजनीला इलेक्ट्रिक शेड झालं, तेव्हा ज्यांचं आयुष्य कोळशात गेलं त्यांना पुन्हा ट्रेनिंगला बसवलं. कोण पास झालं, कोणाला दुसरीकडे टाकलं, कोणी वेळेआधी नोकरी सोडली, विचारा.

गँगमनच्या घरी वेगळे प्रश्न. त्याची ड्युटी आपल्या उन्हाळ्याशी बांधलेली. ऊन वाढलं की रूळ पसरतात, वाकू शकतात, म्हणून भर दुपारी लाइनवर फिरायचं, थंडीत रूळ तडकतात म्हणून पहाटे फिरायचं, पावसात पूर येते म्हणून रात्री कंदील अन् पटाखे (धोका दिसला तं गाडी थांबवायला रुळावर ठेवायचे) घेऊन फिरायचं. कीमन रोज सकाळी आपल्या बीटवर चालत जाऊन रूळ धरून ठेवणारी एकेक चावी ठोकत तपासते. विचारा बीट कुठून कुठपर्यंत होता, पायात काय होतं, साप किती वेळा निघाला, गाडी येते हे कानाला कधी समजायचं. अन् कोणाला गाडीनं घेतलं का, हेही विचारा, पण हा प्रश्न शेवटी, अन् समोरचा गप्प राहिला तं तुम्हीही गप्प राहा.

गेटमनचं घर तर गेटलाच चिकटलेलं. जुन्या ड्युटीच्या नियमांत, जे १९३१ पासून लागू झाले, त्याचं काम "थांबून थांबून होणारं" या वर्गात टाकलं होतं, म्हणजे मधे मधे आराम मिळते असं समजून बारा बारा तासांची ड्युटी. आता प्रश्न असा, तो आजारी पडला, बाजारात गेला, जेवायला बसला, तेव्हा गेट कोण बंद करायचं. उत्तर जवळपास नेहमी एकच येते, बायको, नाहीतं मोठी पोरगी. हिरवी-लाल झेंडी तिला धरता यायची, गाड्यांच्या वेळा तिला पाठ होत्या. कोणत्याही मस्टरवर तिचं नाव नाही. तुमच्या वहीत लिहा, पूर्ण नावानं, माहेरच्या नावासकट.

बायकांशी वेगळं बोला

आबाजी समोर असले की आजी म्हणते "तेच सांगतील". म्हणून तिला एकटीला गाठा, दुपारी, गहू निवडत असेल, वाती करत असेल तेव्हा. तिला पगाराचा दिवस विचारा. त्या दिवशी कॉलनीच्या गेटवर कोण उभं राहायचं, व्याजवाला किती न्यायचा, दारू किती न्यायची, उरलेल्यात बिशी कशी चालायची. रेल्वेच्या दवाखान्यात बाळंतपण झालं का घरी. पास मिळायचा पण माहेरी किती वेळा जाता आलं. बदलीची ऑर्डर आली की सामान कसं बांधायचं, शेजारणीला काय देऊन यायचं, तुळस सोबत न्यायची का.

अन् अनुकंपावाल्या बाया. नवरा नोकरीत असतानाच वारला म्हणून ज्या त्याच्या जागी नोकरीत लागल्या, वेटिंग रूमच्या आया, सफाईवाल्या, ऑफिसात प्यून, नंतर नंतर क्लार्क सुद्धा. त्या घराबाहेर पहिल्यांदा पगारासाठी निघाल्या. पहिला दिवस कसा होता, साडी कोणती घातली, सासरकडच्यांनी काय म्हटलं, दिराला नोकरी द्या म्हणून भांडण झालं का. माझ्या मते नागपूरच्या रेल्वेच्या इतिहासातला सगळ्यात कमी लिहिला गेलेला भाग हाच आहे अन् तो सांगणाऱ्या बाया आजही आपल्याच मोहल्ल्यात आहेत.

जात टाळू नका

रेल्वेच्या कॉलनीत सगळे एकत्र राहायचे, भेदभाव नव्हता, हे वाक्य पुष्कळ ऐकायला मिळते. ते लिहून घ्या, पण तिथं थांबू नका, नळ कोणाचा कुठे होता, कोणाच्या घरी चहा व्हायचा, ते विचारा. स्वातंत्र्याआधी स्टेशनांवर हिंदू पाणी वेगळं अन् मुसलमान पाणी वेगळं होतं. गोऱ्यांचं अन् अँग्लो-इंडियन लोकांचं इन्स्टिट्यूट वेगळं, हिंदुस्थानी लोकांचं वेगळं. नोकऱ्याही तशाच वाटलेल्या. फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला जीआयपीच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली, त्यात बाबासाहेबांनी हेच उघड मांडलं, की आपला माणूस गँगमन म्हणून लागते अन् गँगमन म्हणूनच मरते, त्याला पोर्टरसुद्धा करत नाहीत कारण पोर्टरकडून स्टेशन मास्तरच्या घरचं काम करून घ्यायचं असते अन् त्याचा हात घरात चालत नाही, वर्कशॉपमध्ये तं घेतच नाहीत. कामगारांचे दोन शत्रू, ब्राह्मणशाही अन् भांडवलशाही, असं ते तिथंच बोलले.

आता हे आपल्या घराला लावून पाहा. आबाजी किती वर्षं गँगमध्ये होते, पहिलं प्रमोशन कधी, त्यांच्याच सोबत लागलेला दुसरा कुठपर्यंत गेला. घरातला पहिला माणूस कोण जो ऑफिसात खुर्चीवर बसला, तो कोणत्या साली. इंदोरा, इमामवाडा, कामठीकडच्या कितीतरी घरांत हा एक प्रश्न तीन पिढ्यांची गोष्ट उघडून देते. अन् अजून एक विचाराच, १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर दीक्षा झाली त्या दिवशी आबाजींची ड्युटी काय होती. सुट्टी मिळाली का, मागितली का, ड्युटी करून गेले का, की त्या दिवशी आलेल्या गाड्यांवरच काम करत होते.

भाषेचंही लिहा. बीएनआरसोबत तेलुगू, बंगाली, छत्तीसगडी माणसं इथं आली अन् इथलीच झाली. लोकोच्या शेडमध्ये १७ सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा, कॉलनीत दुर्गापूजा, गणपती, भीमजयंती, त्या सगळ्यांत कोण कोण यायचं, जेवण कोणाच्या हातचं राहायचं. पूजेच्या दिवशी घरच्यांना शेड पाहायला मिळायचं, खूप बायकांनी नवऱ्याचं इंजिन आयुष्यात तेव्हाच पाहिलं.

७४ चा संप

८ मे १९७४ ला सुरू झाला, वीस दिवस चालला, देशभर सतराएक लाख रेल्वे कामगार असताना. बोनस, महागाई भत्ता, कामाचे तास या मागण्या. एआयआरएफ या रेल्वे कामगारांच्या देशभरच्या फेडरेशनचे अध्यक्ष जॉर्ज फर्नांडिस यांना त्याच्या आधीच, २ मेला पकडलं होतं. हजारो लोक जेलमध्ये गेले, पुष्कळांना कामावरून काढलं, क्वार्टर्समधून सामान बाहेर फेकलं. काढलेले पुष्कळसे १९७७ ला सरकार बदलल्यावर परत आले. बोनस शेवटी १९७९-८० पासून मिळायला लागला.

घराघरात हे सांगायला वेळ लागते, कारण एकाच लाइनीत संपावर गेलेला अन् कामावर गेलेला शेजारी शेजारी राहत होते. जे कामावर गेले त्यांना लॉयल म्हटलं, त्यांना इन्क्रिमेंट दिली, काहींच्या पोरांना नोकऱ्या दिल्या. त्यावरून बोलणं बंद झालं ते काही घरांत अजूनही बंद आहे. म्हणून दोन्हीकडच्यांना एकत्र बसवू नका. कोण बरोबर होतं ते ठरवायला गेलात तं माणूस उठून जाईल. त्या वीस दिवसांत चूल कशावर पेटली ते विचारा. किराणावाल्यानं उधार दिलं का, पोलीस रात्री आले तं नवरा कुठे लपला, डब्बा कोणी नेऊन दिला, मे महिन्याच्या उन्हात सामान रस्त्यावर पडलं तेव्हा पोरं कुठे झोपली. अन् कामावर गेलेल्याच्या बायकोलाही विचारा, नळावर तिच्याशी कोण बोलायचं. दोघींचंही लिहून ठेवा, जसं सांगतील तसं.

नागपूर कामगार चळवळीत आधीपासूनच आहे, १९२९ चं आयटक या देशभरच्या कामगार संघटनेचं अधिवेशन इथंच झालं, नेहरू अध्यक्ष होते अन् संघटना इथंच फुटली. म्हणून घरात युनियनची जुनी पावती, बिल्ला, हँडबिल काहीही निघालं तं वेगळं काढा, कोणत्या युनियनचं ते नीट वाचा, त्यावरून माणूस कोणाच्या बाजूला होता ते समजते.

बाहेर कुठे शोधायचं

सर्विस बुक पर्सोनेल ब्रांचला राहते. फार जुनी नियमानं नष्ट केलेली असतात, पण अर्ज करून पाहायला काही जात नाही. आधी साधा अर्ज द्या, नातं दाखवणारा कागद जोडा. नाही झालं तं आरटीआय, केंद्र सरकारचं ऑनलाइन पोर्टल आहे, दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर. स्वतःच्या बापाचा-आजोबाचा रेकॉर्ड मागताय, वारस आहात, मृत्यूचा दाखला जोडला आहे, हे स्पष्ट लिहा, नाहीतं खासगी माहिती म्हणून नाकारतात. "सगळा रेकॉर्ड द्या" असं लिहू नका. नाव, बिल्ला नंबर, शेवटचं स्टेशन, रिटायरमेंटचा महिना द्या अन् नेमके कागद मागा. महिना काढायचा कसा, तं कागदावरच्या जन्मतारखेत बहुतेकदा ५८ मिळवा, फार आधी रिटायर झालेल्यांचं वय वेगळं असू शकते, १९९८ च्या मे नंतर रिटायर झाले असतील तं ६०.

मोतीबागेतलं नॅरोगेज म्युझियम २००२ ला सुरू झालं, म्हाताऱ्या माणसाला तिथं घेऊन जाणं हाच एक इंटरव्ह्यू आहे. घरी खुर्चीत बसून जे आठवत नाही ते हँडल हातात आलं, कंदील दिसला की आठवते, म्हणून रेकॉर्डिंग गेटपासूनच चालू ठेवा. नागभीडची नॅरोगेज २०१९ ला बंद झाली, तिच्यावर काम केलेले लोक अजून इतवारी, उमरेडकडे आहेत, त्यांच्याकडे आधी जा.

राज्य पुराभिलेखांचं ऑफिस नागपुरातही आहे, तिथं मध्यप्रांताच्या काळातले कागद पाहता येतात. राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल नावाचं पोर्टल घरी बसून शोधता येते, रेल्वे बोर्डाच्या फाइली तिथं निघतात. हितवाद १९११ पासून निघते, अपघात अन् संपाच्या तारखा जुन्या अंकांत मिळतात. अँग्लो-इंडियन घर असेल तं चर्चची बाप्तिस्मा-लग्न-दफनाची रजिस्टरं पहिले पाहा, त्यात बापाचा हुद्दा लिहिलेला राहते, अन् विलायतेतून भरती होऊन आलेल्यांचे करार लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

एक लहानसं पण कामाचं, बेझनबागेत राहणाऱ्यांसाठी. एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली तिचे पहिले मॅनेजर बेझनजी मेहता हे आधी जीआयपीच्या माल खात्यात होते. आपल्याकडे मिल अन् रेल्वे ही घरं वेगळी नव्हतीच, एक भाऊ मिलमध्ये, दुसरा रेल्वेत, म्हणून शोधताना मिलचे कागद बाजूला टाकू नका.

रेकॉर्डिंग अन् लिहिणं

मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका, कूलर बंद करा. उन्हाळ्यात कूलर बंद करून कोणी बसणार नाही, म्हणून हे काम दिवाळीनंतर करा, अंगणात ऊन खात बसलेला माणूस मोकळा बोलते. सुरुवातीला तारीख, जागा, नाव बोलून घ्या अन् रेकॉर्ड करू का, घरात वाचायला देऊ का, बाहेर छापू का, हे तीन प्रश्न वेगळे वेगळे विचारा, कारण घरात चालते ते बाहेर चालत नाही. एका वेळी तासभर पुरे. फाइलला लगेच नाव द्या, साल-महिना-नाव-गाव असं, नाहीतं सहा महिन्यांनी कोणतं कोणाचं ते समजत नाही.

लिहिताना त्यांची बोली सुधारू नका. "जाऊन राहिलो होतो" म्हटलं तं तेच लिहा. पीडब्ल्यूआय (रुळाच्या देखभालीचा इन्स्पेक्टर), टीएक्सआर (डबे तपासणारा), लाइन क्लिअर (गाडीला पुढं जायची परवानगी), सिक, रेस्ट हे शब्द आहेत तसेच ठेवा अन् पहिल्यांदा आले की एका ओळीत सांगा काय ते. दोन माणसं एकच गोष्ट वेगळी सांगत असतील तं दोन्ही ठेवा, खाली लिहा कोणी काय म्हटलं. कॉलनीचा नकाशा हातानं काढून घ्या, नळ, इन्स्टिट्यूट, ग्रेन शॉप, साहेबांचे बंगले, गँगच्या खोल्या, चिंचेचं झाड, कोणाचा कोणता क्वार्टर. क्वार्टर पडला असेल तरी जागेवर उभं राहून काढायला लावा, माणूस पावलांनी मोजून सांगते.

पीपीओ नंबर, आधार, बँक खातं हे बाहेर जाणाऱ्या कॉपीत झाका. बाकी झालं की साध्या कागदावर छापा, मोठ्या अक्षरात, म्हणजे ज्यांनी सांगितलं त्यांना स्वतः वाचता येईल, अन् पहिली कॉपी त्यांच्या हातात द्या, सोबत पेन्सिल द्या. ते खोडतील, समासात लिहितील, दोन नावं वाढवतील. ती खोडलेली कॉपी जपून ठेवा, दुसरी छपाई तिच्यावरून करा, अन् एक एक कॉपी त्या प्रत्येक घरी पोचवा ज्याचं नाव आत आलं आहे, गेट बंद करणाऱ्या मावशीच्या घरीही.